मशीनमध्ये 48 आलं, आता खोटं बोलायचं का?

आदरणीय वकीलसाहेब,
सप्रेम नमस्कार. आम्ही दांडिया बाजारातले, तीन पिढ्या बडोद्यात. मिस्टरांना जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा सत्तावीस वर्षांचा, मकरपुऱ्याला जीआयडीसीत नोकरी करतो. गेल्या महिन्यात सिंधरोटकडे मित्राच्या फार्महाऊसवर वाढदिवस होता. परत येताना रात्री पावणेबाराला पोलिसांनी गाडी अडवली, श्वासातला अल्कोहोल मोजायच्या मशीनमध्ये फुंकायला लावलं, 48 आकडा आला. तिथूनच पकडून ठाण्यात नेलं. रक्त घ्यायला सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा सव्वादोन वाजून गेले होते, असं तो म्हणतो. सकाळी जामिनावर घरी आला. गाडी आणि लायसन्स पोलिसांकडेच आहे. एफआयआरमध्ये मोटार वाहन कायद्याचं कलम 185 आणि प्रोहिबिशनचं (गुजरातच्या दारूबंदी कायद्याचं) 66(1)(बी) लिहिलं आहे. रक्ताचा रिपोर्ट अजून आलेला नाही. आता कोर्टाची तारीख आली आहे.

त्याने माझ्यापासून काही लपवलं नाही. दोन पेग घेतले होते म्हणाला. पण सल्ले देणाऱ्यांनी डोकं उठवलंय. माझे भाऊ म्हणतात, द्राक्षासव घेतलं होतं असं सांगा. त्याचा मित्र म्हणतो, गाडी मी चालवत होतो असं सांगतो. कुणी म्हणतं, दमणला प्यायलो म्हणा, तिथे बंदी नाही. कोर्टाबाहेर एक जण भेटला, तो म्हणाला, कबूल करून टाका, दंड भरा, अर्ध्या तासात मोकळे. आणि एक लांबचे नातेवाईक म्हणतात, लॅबमध्ये ओळख आहे, रिपोर्टचं बघून घेऊ. मुलाची कॅनडाची फाईल चालू आहे. खोटं बोलायची लाज वाटते आणि खरं बोलायची भीती. काय करू? तारखेला मी त्याच्याबरोबर कोर्टात जाऊ का?
— एक आई, बडोदे

ताई,

मुलाने घरी येऊन आईला खरं सांगितलं, हे तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलंत. माझ्या चाळीस वर्षांच्या वकिलीत असे पक्षकार मी बोटांवर मोजीन. बहुतेक जण वकिलालाही खरं सांगत नाहीत आणि मग साक्षीच्या वेळी दोघांचीही फजिती होते. तर ते खरं आता तुम्ही, तो आणि त्याचा वकील, एवढ्यांतच राहू द्या. भावालाही पुन्हा सांगायला जाऊ नका, मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नकोच. मोबाईलवरचं 'दोनच पेग घेतले यार' हे वाक्य उद्या कागदावर छापून समोर येऊ शकतं.

माझी बाजू आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा गैरसमज व्हायला नको. पिऊन गाडी चालवणाऱ्याबद्दल मला कळवळा नाही. 2025 च्या होळीच्या रात्री आपल्या बडोद्यातल्या कारेलीबागेत एका भरधाव गाडीने माणसं कशी उडवली ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. तुमच्या मुलाच्या वाटेत त्या रात्री कुणी आलं नाही, हे त्याचं आणि आणखी कुणाचं तरी नशीब. पण खटला चालतो तो पुराव्यावर. पुरावा उभा करणं हे सरकारचं काम आहे, तुमच्या मुलाचं नव्हे.

तुमची लाज आणि भीती या दोन्हींचं उत्तर इथेच आहे. मॅजिस्ट्रेट विचारतील, गुन्हा कबूल आहे का? 'नाही' म्हणणं हे खोटं बोलणं नाही. त्या 'नाही'चा कायद्यातला अर्थ एवढाच की तुमचा आरोप तुम्ही सिद्ध करा. आरोपीला शपथ देत नाहीत. खटल्याच्या शेवटी न्यायाधीश त्याला पुराव्याबद्दल विचारतात, तेव्हाही शपथ नसते, आणि गप्प राहण्याचा हक्क त्याला राज्यघटनेच्या कलम 20(3) ने दिलेला आहे. स्वतःहून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जायचं ठरवलं तरच शपथ येते, आणि तिथे जायची त्याला काही गरज नाही. म्हणजे तुमच्या मुलाला खोटं बोलल्याशिवाय हा खटला लढता येतो. खोटं येतं ते बाकीच्या मंडळींच्या सल्ल्यांतून.

त्या सल्ल्यांतला सगळ्यात घातक आहे तो लॅबमधल्या ओळखीचा. 2024 च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला अपघात झाला, त्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतीलच. रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून तिथे डॉक्टरांना अटक झाली, आणि गाडी चालवणाऱ्या मुलाच्या आईलाही झाली. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतो आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, शिक्षा सात वर्षांपर्यंत. ज्या कलमात आज जास्तीत जास्त सहा महिने आहेत, त्यातून सुटायला सात वर्षांच्या कलमात उडी मारायची? त्या नातेवाइकांचा फोन घेणं बंद करा.

मित्राचंही तेच. तो शपथेवर सांगणार की गाडी मी चालवत होतो. गाडी अडवली तेव्हा स्टिअरिंगमागे कोण होतं हे पोलिसांनी पाहिलं आहे, मशीनवर नाव कुणाचं टाकलं तेही आहे, आणि चौकात कॅमेरे आहेत. न्यायालयात खोटी साक्ष देण्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 229 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मैत्री म्हणून बरं वाटतं ऐकायला, पण त्याच्या आईचाही विचार करा.

दमणचा सल्ला ज्याने दिला त्याने आकडेमोड केलेली दिसत नाही. तुमचा 48 म्हणजे 100 मिलिलीटर रक्तामागे 48 मिलिग्रॅम अल्कोहोल. शरीर त्याच मापात साधारण तासाला 15 मिलिग्रॅमच्या हिशोबाने तो कमी करतं. माणसागणिक थोडं कमी-जास्त होतं. दमण इथून दोनशेवर किलोमीटर, निदान चार तासांचा रस्ता. बडोद्यात 48 आला तर दमणहून निघताना तो शंभराच्या वर असला पाहिजे. म्हणजे गुजरातमधली दारूबंदी चुकवायला तुम्ही कोर्टाला सांगणार की आमचा मुलगा गाडी चालवण्याच्या 30 च्या मर्यादेच्या तिप्पट प्यायलेला असताना हायवेवर चार तास गाडी चालवत होता. असला बचाव ऐकून सरकारी वकील तुम्हाला चहा पाजतील.

आता द्राक्षासव. या बचावाला मोठा इतिहास आहे, म्हणून भावावर रागावू नका. 1951 साली मुंबईत कुलाब्याला एका जीपने तिघांना उडवलं. जीप चालवणारे गृहस्थ कोण, तर मुंबईचे प्रभारी रिजनल ट्रान्सपोर्ट ऑफिसर! तोंडाला वास येत होता. ते म्हणाले, मी दारू प्यायलो नाही, बी. जी. फॉस नावाचं टॉनिक घेतलं. त्या टॉनिकमध्ये खरोखरच अल्कोहोल असायचा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि दारूबंदीच्या आरोपातून ते सुटले, कारण पोटात गेलेला अल्कोहोल बंदी असलेल्या दारूचाच होता हे सरकारला सिद्ध करता आलं नाही. पेसिकाका खटला म्हणून तो कायद्याच्या पुस्तकात आहे. नवशिके वकील अजून त्याचं नाव घेतात, पण पुढचं पान वाचत नाहीत. 1959 मध्ये मुंबई राज्याने कायदाच बदलला. रक्तात 0.05 टक्के, म्हणजे 100 मिलिलीटरमागे 50 मिलिग्रॅम किंवा जास्त अल्कोहोल सिद्ध झाला, तर 'ते औषध होतं' हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर येते. पुढच्याच वर्षी राज्याचे दोन तुकडे झाले आणि तो कायदा गुजरातकडे आला, तो आजतागायत.

शिवाय द्राक्षासवाचा हिशोबही जमत नाही. आसव-अरिष्टात आंबवण्यातून अल्कोहोल तयार होतो हे खरं. पण अगदी बारा टक्के धरला आणि 30 मिलिलीटरचा डोस घेतला, तरी सत्तर किलोच्या माणसाच्या रक्तात सहा मिलिग्रॅमच्या आसपासच जातो. 48 यायला एका बैठकीत आठ डोस, पाव लिटर द्राक्षासव! आपल्या आज्यांनी बाळंतिणीलासुद्धा एवढं पाजलं नसेल. खोकल्याच्या औषधाचं असंच. फुंकण्याआधी दोन मिनिटं घेतलं असेल तर तोंडातल्या वाफेने मशीन फसतं, पण ती वाफ पंधरा-वीस मिनिटांत जाते आणि रक्तात तर दिसतच नाही. मधुमेहासारखा खरा आजार असता, डॉक्टरची चिठ्ठी असती, तर मी वेगळं बोललो असतो. नसलेला आजार आणू नका.

मग लढायचं कशावर? आधी तुमच्या मुलावरच्या दोन कलमांतला फरक लक्षात घ्या, कारण बडोद्यात पकडला गेलेला माणूस दोन कायद्यांत सापडतो. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना हे कळत नाही, ते म्हणतात 'दहा हजार भरले की झालं'. मोटार वाहन कायद्याच्या 185 ची मर्यादा 30 मिलिग्रॅम. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा झाला तर दोन वर्षांपर्यंत आणि पंधरा हजार. हे कलम तडजोडीच्या यादीत नाही, म्हणून रस्त्यावर पावती फाडून संपत नाही, कोर्टातच यावं लागतं. 2019 मध्ये आपल्या गुजरात सरकारने हेल्मेट-सीटबेल्टचे दंड अर्धे केले, तेव्हा लोकांना वाटलं हेही कमी झालं. नाही झालं.

66(1)(बी) ला मात्र गाडीशी काही घेणं-देणं नाही. परमिटशिवाय पिणं हाच गुन्हा, मग तुम्ही गाडीत असा की ओट्यावर. सत्तावीस वर्षांच्या मुलाला प्रकृतीच्या कारणावरचं परमिट मिळत नाही, तेव्हा तो दरवाजा बंद. पण इथे 50 चा आकडा बघा. तुमच्या मुलाचा मशीनवरचा आकडा 48. म्हणजे 185 च्या 30 वर, आणि प्रोहिबिशनच्या 50 खाली. रक्ताच्या रिपोर्टमध्येही 50 पेक्षा कमी आलं, तर औषध होतं की दारू हे सिद्ध करायचं ओझं सरकारवरच राहतं, पेसिकाकांच्या काळासारखं. निव्वळ वास, लाल डोळे आणि अडखळती चाल यांवर भागत नाही. 1971 मध्ये मुंबईच्याच एका मोटार अपघाताच्या खटल्यात, रक्ताची किंवा लघवीची तपासणी झालेलीच नव्हती तिथे, डॉक्टरच्या अशा निरीक्षणांवरून माणूस दारू प्यायलेला होता असं खात्रीने म्हणता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. करियानी खटला. तुमच्या वकिलाला तो ठाऊक असेल, नसेल तर दुसरा वकील बघा.

आता मशीन. कायद्याला कुठलंही मशीन चालत नाही. केंद्र सरकारने राजपत्रात मान्यता दिलेल्या प्रकारचंच लागतं. त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा बरोबर दाखवतं का याची तपासणी, शेवटचं कधी झालं, प्रमाणपत्र कुठे आहे, मशीनचा नंबर त्या प्रमाणपत्रावरच्या नंबराशी जुळतो का? फुंकण्याआधी मशीन शून्य दाखवत होतं का, आणि त्या शून्याची नोंद प्रिंटवर आहे का? नळी नवी होती की आधीच्या माणसाने फुंकलेली? शेवटचा घोट आणि फुंकणं यांत पंधरा मिनिटं गेली होती का? सिंधरोटहून येताना अडवलं, म्हणजे पंधरा मिनिटं सहज गेली असणार, तेव्हा हा शेवटचा प्रश्न तुमच्या कामाचा नाही, बाकीचे आहेत. प्रिंटवर वेळ, नाव, सही आहे का, ते आधी बघा. पूर्वी सूरसागरासमोरच्या न्यायमंदिरात कोर्ट होतं तेव्हा एका खटल्यात मी जमादाराला विचारलं होतं, मशीन चार्ज कुठे करता? ठाण्यात, म्हणाला. कॅलिब्रेशन कुठे करता? तेही ठाण्यात, म्हणाला, त्याच वायरने. कोर्टात हशा झाला. पण माझा पक्षकार त्या हशावर सुटला नाही, हे लक्षात ठेवा. तो सुटला प्रमाणपत्र सापडलं नाही म्हणून.

आणि रक्त. इथे तुमच्या प्रकरणात खरा जीव आहे. पावणेबाराला अडवलं, सव्वादोनला सुई लागली. वेळ आधी कागदावरून पक्की करा. मुलाच्या आठवणीवर जाऊ नका, दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये काय लिहिलंय ते बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम 202 म्हणतं की 185 खाली अटक केलेल्याची वैद्यकीय तपासणी दोन तासांच्या आत झाली पाहिजे, नाहीतर त्याला कोठडीतून सोडलं पाहिजे. पुष्कळ लोक, काही वकीलसुद्धा, यातून 'दोन तास उलटले, केस उडाली' असा अर्थ काढतात. तसं नाही. कायद्याने सांगितलेला परिणाम सुटकेचा आहे, निर्दोषत्वाचा नाही. पण त्या उशिराचा उपयोग दुसरीकडे होतो. 48 मधून अडीच तासांचे साधारण 37 वजा केले तर रक्तात दहा-अकरा यायला हवेत. रिपोर्ट तसा आला तर तुमचा वकील म्हणेल, प्रयोगशाळेत जे सापडलं ते मर्यादेच्या कितीतरी खाली आहे, आणि मशीनच्या आकड्याला दुसरा आधार नाही. सरकारी वकील रक्तातल्या आकड्यात अडीच तासांची घट मिळवून उलट मोजून दाखवतील, आणि श्वासाच्या चाचणीचा निकाल स्वतःच्या बळावर पुराव्यात येतो हेही सांगतील, ते बरोबर आहे. भांडण तिथे होईल. रिपोर्ट साठ-सत्तर आला तर मात्र आश्चर्य करायला हवं: अडीच तासांत कमी व्हायच्या ऐवजी वाढलं कसं? एक तर पेग सांगितले त्यापेक्षा उशिरा आणि जास्त होते (मुलाला पुन्हा एकदा, शांतपणे विचारा), नाहीतर नमुन्यात गडबड आहे.

नमुन्याचे नियम 1959 पासून लिहिलेले आहेत आणि ते पाळले नाहीत म्हणून सुटलेले लोक मी पाहिले आहेत. रक्त काढताना कातडी स्पिरिटने पुसायची नाही, कुठल्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श नको. बाटलीत रक्त गोठू नये आणि नासू नये म्हणून ठरलेली द्रव्यं हवीत, नाहीतर उष्णतेत रक्त आंबून त्यातच अल्कोहोल तयार होऊ शकतो, आणि आपल्या बडोद्याचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. बाटलीवर लेबल, सील, सीलचा ठसा. काढल्यापासून सात दिवसांत नमुना तपासणाऱ्या अधिकाऱ्याकडे पोहोचला पाहिजे. तोपर्यंत तो कुणाच्या ताब्यात होता, कपाटात की फ्रिजमध्ये, मुद्देमालाच्या रजिस्टरमध्ये नोंद आहे की नाही. मुलाला एवढंच विचारा: सुई टोचण्याआधी नर्सने बोळा कशात बुडवला होता, त्याचा वास आला का? पोरांना या गोष्टी आठवतात. आजच वहीत लिहून ठेवायला सांगा, त्याच्या अक्षरात, तारीख घालून, वकिलासाठी म्हणून.

त्याने फुंकायला आणि रक्त द्यायला नकार दिला नाही, हे बरंच केलं. 'देऊच नका' असं सांगणारे शहाणे गावोगाव आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 205 प्रमाणे सबळ कारणाशिवाय दिलेला नकार हाच आरोपीविरुद्ध धरता येतो, आणि नकार दिल्यावर अटकही करता येते.

कोर्टाबाहेरच्या त्या माणसाचं बोलणं मी शेवटासाठी ठेवलं होतं, कारण तेवढंच एक मोहात पाडणारं आहे. कबूल करा, दंड भरा, घरी जा. अर्ध्या तासात होतंही. पण त्याने तुम्हाला हे सांगितलं का, की 185 खाली दोषी ठरवणाऱ्या कोर्टाला लायसन्स कमीत कमी सहा महिने रद्दबातल ठेवावंच लागतं? की दुसऱ्या कलमातही शिक्षा नोंदली जाईल? की पुन्हा कधी असं झालं तर तो 'दुसरा गुन्हा' ठरेल? मकरपुऱ्याला तो कसा जातो मला माहीत नाही, पण सहा महिने गाडी नाही म्हणजे रिक्षा आणि बस.

आणि कॅनडा. या फाईलवर मी जरा जास्त लिहितो, कारण बडोद्यात अर्ध्या घरांत अशी फाईल असते. तिथे 18 डिसेंबर 2018 पासून नशेत गाडी चालवण्याची कमाल शिक्षा दहा वर्षं झाली आहे, त्यामुळे इमिग्रेशनच्या नजरेत तो गंभीर गुन्हा आहे. त्यांची मर्यादा 80 मिलिग्रॅम आहे, आपली 30, तेव्हा 48 वरची भारतातली शिक्षा तिथे कशी मोजली जाईल हा वादाचा विषय होऊ शकतो, पण वाद तुमच्या खर्चाने होणार. शिक्षा झाली तर हा एक प्रश्न. शिक्षा झाली नाही तरी फॉर्ममध्ये फक्त शिक्षेबद्दल विचारत नाहीत, कधी अटक झाली होती का, आरोप ठेवला गेला होता का, असंही विचारतात. तिथे 'नाही' लिहिणं हे मात्र खोटं आहे, आणि त्याची किंमत पाच वर्षांची बंदी. एजंट म्हणेल, कुणाला कळणार आहे? पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटात कळतं. तेव्हा फाईल करणाऱ्याला आजच सांगा की केस चालू आहे, आणि एफआयआरची प्रत द्या. पासपोर्टचं नूतनीकरण जवळ आलं असेल तर कोर्टाची परवानगी लागेल, तेही वकिलाच्या कानावर घाला.

सगळे कागद पाहून तुमचा वकील म्हणाला की सरकारी बाजू भक्कम आहे, सगळं नियमात झालंय, तर मग कबुलीचा विचार करता येईल. तेव्हाही नुसतं 'कबूल आहे' म्हणून सही करून येऊ नये. पहिलाच गुन्हा, कुणाला इजा नाही, नोकरी, घरी एकटी आई, हे सगळं अर्जात मांडून प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स ॲक्ट, 1958 चा (शिक्षेऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडणाऱ्या कायद्याचा) फायदा मागता येतो का, हे दोन्ही कलमांसाठी वेगवेगळं तपासून घ्यावं. तो मिळाला तर त्या कायद्याचं कलम 12 पुढच्या अपात्रता टाळायला उपयोगी पडतं. न्यायाधीश देतीलच असं मी म्हणणार नाही.

गाडीबद्दल एकच प्रश्न: पंचनाम्यात गाडीतून बाटली सापडल्याची नोंद आहे का? असेल तर बाब वाढते, बाळगणं आणि वाहतूक अशी कलमं जोडली जाऊ शकतात आणि गाडी सोडवणं अवघड होतं. नसेल तर लगेच मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज करा. ठाण्याच्या आवारात गाड्या सडवू नका असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सांगितलं आहे, आणि तो खटला आपल्या गुजरातचाच होता, सुंदरभाई अंबालाल देसाई. पंच कोण आहेत तेही बघा. त्याच ठाण्याच्या दर दुसऱ्या केसमध्ये तीच दोन नावं येत असतील, तर वकिलाला उलटतपासणीला चांगला विषय मिळतो.

लायसन्स पोलिसांनी आरटीओकडे पाठवलं असेल. तिथून तीन महिन्यांच्या निलंबनाची कारवाई वेगळी होऊ शकते, पण त्याआधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. ती नोटीस आली तर टपालाच्या ढिगात जाऊ देऊ नका. निलंबनाचा हुकूम असताना मित्राची स्कूटर 'जरा दुधाला' म्हणून चालवली तरी नवा गुन्हा होतो, त्याचेही दहा हजार किंवा तीन महिने.

आता तारखेचं. पहिल्या तारखेला फार काही होणार नाही. वकीलपत्र दाखल करायचं, आरोपपत्र आलं असेल तर सगळ्या कागदांच्या प्रती मागायच्या, त्या आरोपीला फुकट मिळतात. रिपोर्ट जोडलेला नसेल तर तशी नोंद करून घ्यायची. कबुली-नाकबुलीचा प्रश्न त्याच दिवशी आला तर 'नाकबूल' म्हणायचं आणि पुढची तारीख घ्यायची.

तुम्ही विचारलंत, मी बरोबर जाऊ का. जा. दिवाळीपुऱ्याला कोर्टात अकराच्या आत पोहोचा, पाण्याची बाटली आणि मुलाचं आधार कार्ड घ्या, मागच्या बाकावर बसा. नावाचा पुकारा कधी होईल सांगता येत नाही, जेवणानंतरही होतो, म्हणून पोळी-भाजीचा डबाही असू द्या. आणि बाहेर झेरॉक्सच्या दुकानापाशी तो अर्ध्या तासात मोकळं करणारा माणूस पुन्हा भेटेल, त्याला नमस्कार करून पुढे चला.